करार लिव्हरपूलचा, बंदी दिल्लीची, तोटा आमचा



आपल्या पऱ्हाटीचा कापूस गाठी होऊन परदेशी निघतो तेव्हा त्याच्याबरोबर एक कागद जातो. त्यावर भाव असतो, वजन असते, धाग्याची लांबी असते. आणि बारीक अक्षरात आणखी दोन गोष्टी असतात : भांडण झाले तर निवाडा कुठे, आणि कायदा कुणाचा. विकणारा गुजरातचा असो की यवतमाळचा, घेणारा बांगलादेशचा असो की चीनचा, उत्तर बहुधा एकच. निवाडा लिव्हरपूलच्या लवादाचा, कायदा इंग्लंडचा. १८४१ साली तिथल्या कापूस दलालांनी संस्था काढली, २००४ पासून तिचे नाव इंटरनॅशनल कॉटन असोसिएशन. वऱ्हाडचा कापूस त्या बाजारात अमरावतीच्या नावावरून ‘ऊमरा’ म्हणून विकला जाई. तिथे स्वतःचे एक बोंड पिकत नाही, पण जगातला बहुतेक कापूस आजही त्यांच्या नियमाने विकला जातो.

इंग्रज गेला पण त्याची कचेरी राहिली, असे म्हणून स्वदेशीवाले दंड थोपटतील. आमचे म्हणणे वेगळे आहे. दोन गावांच्या वादात आपणही तिसऱ्या गावचे पंच बोलावतो. परक्या देशाच्या कोर्टावर कुणाचा भरवसा नसतो, म्हणून व्यापारी तिसरी जागा आधीच ठरवून ठेवतात. लिव्हरपूलचा नियम कडक आहे, पण सरळ आहे. कोणत्याही कारणाने माल गेला नाही तरी करार रद्द होत नाही. बाजारभावाने हिशोब करून फरक चुकवावा लागतो. समजा ७० सेंट पाउंडाने सौदा झाला आणि बाजार ९० वर गेला, तर १७० किलोच्या एका गाठीमागे सुमारे ७५ डॉलर भरा. २०११ साली भाव चढून कोसळले आणि घेणाऱ्यांनीच हात वर केले, तेव्हा त्यांच्यावरही हाच नियम चालला. निवाडा मानला नाही तर नाव यादीत लागते आणि धंद्याची दारे बंद होतात.

मग आमचे भांडण कुणाशी? शब्द मोडायला लावणाऱ्या दिल्लीश्वरांशी. एप्रिल २०१० मध्ये त्यांनी निर्यातीची नोंदणी थांबवली. ५ मार्च २०१२ रोजी सरळ निर्यातबंदीच लादली. सौदे झालेले, गाठी बांधलेल्या. खुद्द कृषिमंत्री शरद पवारांनी आपल्याला विचारले नाही अशी तक्रार केली! आठवड्याभरात नोंदणी झालेल्या मालाला वाट द्यावी लागली. पण ज्याने त्या आठवड्यात घरातला कापूस विकला त्याचे काय, हे कुणी विचारले नाही.

असाच एक दावा शेवटापर्यंत गेला. १९८० साली नाफेडने स्वित्झर्लंडच्या अलिमेंटा कंपनीशी ५,००० टन भुईमूगदाण्याचा करार केला. १,९०० टन गेला. बाकीच्या मालाला सरकारने परवानगी दिली नाही. लंडनच्या लवादाने १९८९ साली नाफेडला ४६ लाख ८१ हजार डॉलर आणि वर व्याज भरायला सांगितले. दिल्ली उच्च न्यायालयाने निवाडा मान्य केला. एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला : सरकारच्या परवानगीशिवाय निर्यात करणे कायद्याविरुद्ध, म्हणून हा निवाडा सार्वजनिक धोरणाविरुद्ध. सौद्यापासून निकालापर्यंत ४० वर्षे!

नाफेड सुटली. पण परदेशी खरेदीदार यातून काय शिकला? हिंदुस्थानात सरकार मनात येईल तेव्हा सौदा अडवते आणि मग निवाडाही वसूल होत नाही. पुढच्या वेळी तो या धोक्याचे पैसे भावातून आधीच कापून घेणार. निर्यातदार ते जिनिंगवाल्याकडून कापणार आणि जिनिंगवाला आपल्याकडून. म्हाताऱ्यांना उलटी पट्टी आठवत असेल : माल देऊन वर पैसे भरायचे. इथे पट्टी व्यापाऱ्याच्या नावाने निघते आणि वसुली कोरडवाहू शेतकऱ्याकडून होते. त्या कागदावर आपली सही नाही, म्हणून लिव्हरपूलचे दार आपल्याला बंद. ज्याला सार्वजनिक धोरण म्हणतात त्यात भुईमूग आणि कापूस पिकवणारी जनता येते की नाही, हेही एकदा सांगून टाका.

आता शेतकऱ्यांच्या कंपन्या स्वतः निर्यात करू पाहतात. त्यांच्या संचालकांना एकच सांगणे : सहीआधी त्या बारीक ओळी कुणाकडून तरी मराठीत वाचून घ्या. १९५८ च्या न्यूयॉर्क कराराने आणि आपल्या १९९६ च्या लवाद कायद्याने परदेशी निवाड्याची वसुली इथल्या कोर्टातून होऊ शकते. ती कंपनीच्या गोदामावरही येईल. आणि निर्यातबंदी आली तर तोटा कुणाचा, हे भाव ठरवतानाच लिहून घ्या.

जिल्हा बैठकीत मांडायचा ठराव असा : ‘शेतीमालाची निर्यातबंदी आम्हाला मान्य नाही. सरकारने ती घातलीच, तर आधी झालेले सौदे पुरे होऊ द्यावेत. आणि बंदीच्या आदल्या दिवसाचा भाव व विक्रीच्या दिवसाचा भाव यांतील फरक बाजार समितीच्या पावतीवर शेतकऱ्याला रोख द्यावा.’ ठरावावर सह्या घेताना प्रत्येकाने २०१२ च्या मार्चमधली आपली कापसाची पट्टी सापडली तर सोबत आणावी.