खोगिराआधीची शिकवण

मार्गशीर्ष जवळ आला की सुरतेतील खानदेशी कुटुंबांत सारंगखेड्याच्या यात्रेची भाषा सुरू होते. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत राहणाऱ्या कितीतरी घरांची मुळे नंदुरबार, शहादे, शिंदखेडे, अमळनेर या बाजूची आहेत आणि सुरत-भुसावळ लोहमार्ग हा त्यांच्या माहेर-सासरचा रस्ता आहे. ज्या ताप्तीच्या मुखाशी आपण राहतो, तिच्याच काठी सारंगखेडे वसले आहे. तेथील एकमुखी दत्ताची यात्रा दत्तजयंतीस भरते आणि देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या घोड्यांचा मोठा बाजार तेथे असतो.

या यात्रेच्या निमित्ताने आमच्या एका वाचकभगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या मुलाला घोड्याचा छंद लागला आहे आणि दिरांची शेती शहराजवळच असल्यामुळे जागेची अडचण नाही. एका विक्रेत्याने त्यांना अडीच वर्षांची वछेरी दाखविली असून, ‘आठ दिवसांत खोगीर घालून, माणूस बसवून देतो,’ असा शब्द दिला आहे. यात्रेपर्यंत थांबावे की हीच घ्यावी, आणि आठ दिवस पुरे होतात काय, असे त्यांनी विचारले आहे.

आमचे उत्तर थोडक्यात असे : घोडीवर माणूस बसविण्यास आठ दिवस कशाला, एक दिवसही पुरतो. घोडी शिकण्यास मात्र तो पुरत नाही. या दोन गोष्टी एकच समजल्यामुळे पुष्कळ चांगली जनावरे बिघडतात आणि माणसांचे हातपाय मोडतात.

घोडा अंगाने बलदंड असला तरी स्वभावाने भित्रा आहे. रानात तो हिंस्र पशूंचे भक्ष्य होता आणि पळणे हेच त्याचे संरक्षण होते. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळे त्याला जवळजवळ सभोवारचे दिसते. केवळ नाकासमोरचा थोडा भाग आणि शेपटीमागचा भाग त्याच्या दृष्टीआड राहतो. म्हणूनच मागून अचानक आलेल्या माणसाला तो लाथ झाडतो. तो खोडीने नव्हे, भीतीने. अशा प्राण्याच्या पाठीवर, नेमके जेथे वाघ झेप घेईल तेथे, आपण चढून बसू पाहतो. त्याने ते सहन करावे ही साधी मागणी नव्हे.

जनावराला बांधून, मारून, दमवून ही मागणी पुरी करून घेता येते. थकलेला घोडा निमूट उभा राहतो आणि पाहणारे म्हणतात, ‘वठणीवर आला.’ वस्तुतः त्याची भीती गेलेली नसते, ती केवळ दबलेली असते. ती पुन्हा वर येते ती नको त्या वेळी. आपल्या गुजराती शेजाऱ्यांनी लग्नाच्या मिरवणुकीला ‘वरघोडो’ असे नावच दिले आहे, आणि आपल्या वरातींतही घोडी असतेच. पुढे बँडचा गजर, दोन्ही बाजूंस दिव्यांचे झोत, पायांत फुटणारे फटाके आणि नवरदेवाच्या पुढ्यात बसविलेला पाचसहा वर्षांचा भाचा! त्या घटकेस घोडीच्या पोटात काय शिकवण आहे, यावर त्या लेकराचा जीव अवलंबून असतो. तेथे चाबूक कामास येत नाही.

ही जाण आजची नव्हे. सुरतेच्या परिसराला मराठी घोड्यांच्या टापा चांगल्या परिचित आहेत. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांचे स्वार येथे आले, १६७० मध्ये पुन्हा आले, आणि १७१९ मध्ये पिलाजीराव गायकवाडांनी सोनगड घेऊन गायकवाड घराण्याचे पहिले ठाणे तेथे केले. त्या फौजांत सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. शिलेदाराची सारी पुंजी घोड्यातच असे. ती बिघडवून त्याला चालणार नव्हते. या व्यवसायाने आपल्या भाषेला किती शब्द दिले पाहा. घोडा तयार करणारा तो चाबूकस्वार, त्याची निगा राखणारा मोतद्दार, अंग साफ करण्याचा खरारा, दाण्याचा तोबरा, स्वाराची पक्की बैठक ती मांड. लांब दोरीवर घोडा गोल फिरविणे याला ‘कावा देणे’ म्हणत. गनिमी काव्यातील ‘कावा’ आपण सारे जाणतो, पण त्याच शब्दाचा हा रिंगणातला अर्थ मात्र आता कोशातच उरला आहे.

सातासमुद्रांपलीकडेही हाच अनुभव आहे. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी झेनोफन या ग्रीक सेनानीने अश्वविद्येवर एक छोटा ग्रंथ लिहिला. रागाच्या भरात घोड्याजवळ कधीही जाऊ नये, असे त्याने बजावले आहे. शिंगराला गर्दीतून व गोंगाटातून हिंडवावे आणि ते बुजले तर त्यात भिण्यासारखे काही नाही हे न रागावता, शांतपणे त्याला पटवावे, असाही त्याचा उपदेश आहे. लढाईवर जाणाऱ्या सेनानीने हे लिहावे, यातच सारे आले.

आता प्रत्यक्ष क्रम पाहू. प्रथम केवळ सहवास. दाणा-पाणी देणारा हात ओळखीचा झाला की मानेवर, खांद्यावर, पाठीवर, पोटाखाली व शेवटी पायांवर हात फिरवावा. खरारा हे या कामी मोठे साधन आहे. चारही खूर न झगडता उचलू देईपर्यंत पुढे जाऊ नये. यानंतर मोरकी घालून चालविणे. येथे एकच सूत्र ध्यानात धरावे : दोरीचा हलका ताण म्हणजे प्रश्न, आणि घोडीने एक पाऊल टाकताच तो ताण तत्काळ सोडणे म्हणजे शाबासकी. ताण देणे कोणासही जमते, वेळेवर सोडणे हीच विद्या. जो सोडावयास विसरतो तो घोडीला एवढेच शिकवितो की, काहीही केले तरी सुटका नाही. मग ती प्रयत्न सोडते किंवा झुंजू लागते.

चालणे, थांबणे, मागे सरणे, बाजूस वळणे इतके जमले की लांब दोरीवर मोठ्या रिंगणात फिरवावे. रिंगण लहान नसावे, कोवळ्या सांध्यांना ते जाचते. दहापंधरा मिनिटे पुरेत, तीही दोन्ही दिशांनी. याच काळात घोंगडीचा तुकडा पाठीवर ठेवावा, काढावा, पुन्हा ठेवावा. सुरतेत वाढणाऱ्या घोडीला रिक्षा, मोटारी, गरब्याचे कर्णे आणि उत्तरायणातील पतंगांचा कल्लोळ यांचीही ओळख हवी. पण आधी दुरून, मग जवळून.

खोगीर येते ते यानंतर. तेही प्रथम नुसते हुंगू द्यावे, मग हळूच पाठीवर ठेवावे. तंग एकदम आवळू नये. तो एकेक छिद्र चढवावा आणि मधून चालवून आणावे. रिकिबी पोटाला लागून हलतात याची सवय होऊ द्यावी. सरतेशेवटी हलक्या वजनाच्या जाणत्या माणसाने पाठीवर नुसते ओणवे व्हावे व उतरावे. असे अनेकदा झाल्यावर बसावे आणि दुसऱ्याने मोरकी धरून चार पावले चालवावे. इतके झाले की त्या दिवसाचा धडा संपला.

यास महिने लागतात, आणि लागावेतही. कारण घाई मनाला जशी मारक तशी शरीरालाही. घोड्याची हाडे खालून वर पक्की होत जातात. पायांची आधी, तर पाठीचे मणके साडेपाच-सहा वर्षांच्या सुमारास. तोंडाचेही तसेच. पुढचे दुधाचे दात साधारण अडीच, साडेतीन व साडेचार वर्षांच्या सुमारास जोडीजोडीने बदलतात. दात येणाऱ्या लेकराची चिडचिड आपण समजून घेतो आणि हिरड्या हुळहुळलेल्या वछेरीच्या तोंडात मात्र लोखंडी लगाम ओढतो! आमच्या भगिनींना दाखविलेली वछेरी नेमकी अडीच वर्षांची आहे. तिला यंदा जमिनीवरचे धडे द्यावेत. स्वार अगदी हलका व क्षणभराचा, तोही पुढच्या वर्षी. पुरत्या वाढीच्या घोड्यावरही स्वार व सामान मिळून त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक भार घालू नये, असा प्रघात आहे. साडेतीनशे किलोच्या घोडीस सत्तर किलो म्हणजे पुष्कळ झाले.

तेव्हा हीच घोडी घ्या अथवा सारंगखेड्यास जा, पाहण्याची रीत एकच. तिच्यावर बसून दाखवा असे म्हणू नये, चालवून दाखवा असे म्हणावे. अनोळखी माणसाच्या हाती दोरी दिल्यावर ती येते काय? चारही पाय उचलू देते काय? कपाळाकडे हात नेताच डोके झटकून मागे घेते काय? ओठांच्या कोपऱ्यांत, तंगाच्या जागी जुने व्रण आहेत काय? वय दातांवरून जाणत्याकडून पडताळावे आणि सौद्याआधी पशुवैद्यास दाखवावे. जी घोडी नाचून दाखविते तिच्यापेक्षा जी गजबजाटात दावणीला शांत उभी राहून चारा खाते, ती घरच्या मुलासाठी अधिक मोलाची.

विक्रेत्याला आमच्या भगिनींनी खुशाल सांगावे की, घोडी घेऊ, पण आठ दिवसांची ती शिकवण नको. अशिक्षित वछेरीला शिकविणे सोपे असते. एकदा भ्यालेलीचे भय काढणे फार अवघड. पैसे वाचतात तेही याच मार्गाने.

राहता राहिला मुलाचा प्रश्न. त्याला एकट्याने वछेरी शिकवू देऊ नये. कोवळी घोडी आणि कोवळा स्वार ही जोडी चांगली नव्हे. त्याने आधी शिकलेल्या, वयस्क घोड्यावर मांड पक्की करावी, डोक्यास शिरस्त्राण घालावे, आणि घरच्या वछेरीचा खरारा, पाणी, खूर साफ करणे ही कामे रोज नेमाने करावीत. वर्षभर ज्याने हे न कंटाळता केले, त्याच्यासाठी घोडी आपण होऊन स्थिर उभी राहील. ज्याला महिन्यात कंटाळा आला, त्याला घोडी घेऊन दिली नाही तरी चालेल, हेही आईवडिलांना वेळीच कळेल.