अमेरिका सोडतानाचा हिशेब

पालममधील माझे एक आडतदार स्नेही 2023 च्या पावसाळ्यात घरी आले. त्यांचा मुलगा आठ वर्षे अमेरिकेत संगणक क्षेत्रात नोकरी करीत होता; आता तो कॅनडाला निघाला होता. “साहेब, परका देश सोडायचाच, तर पुण्याला यावे. दुसऱ्या परक्या देशात कशासाठी?” त्यांच्या स्वरात राग कमी, दुःख अधिक होते.

कारण उघड होते. एच-वन-बी व्हिसा नोकरीशी बांधलेला. नोकरी सुटली की हाती जेमतेम साठ दिवस. ग्रीन कार्डात एका देशाच्या वाट्याला साधारणतः सात टक्के, म्हणून भारतीयांची रांग दशकांची. कॅनडाने 16 जुलै रोजी याच व्हिसाधारकांसाठी तीन वर्षांपर्यंतच्या खुल्या परवान्याचे अर्ज घेण्यास प्रारंभ केला. दहा हजारांची मर्यादा दुसऱ्याच दिवशी भरली. त्यांत या मुलाचा अर्ज बसला.

मी बँकेचा माणूस, म्हणून विचारले, “शेठजी, त्याच्या पगारातून सोशल सिक्युरिटी कापली जात होती ना?” पगाराच्या 6.2 टक्के कर्मचाऱ्याचे, तितकेच मालकाचे. निवृत्तिवेतनास 40 क्रेडिट लागतात आणि वर्षाला चारांहून अधिक मिळत नाहीत. आठ वर्षांचे फार तर बत्तीस. भारत व अमेरिका यांच्यात याविषयी करार नाही. मुलगा थेट पुण्याला आला असता, तर ते बत्तीस क्रेडिट एकट्याने काहीच मिळवून देत नाहीत, आणि भरलेली रक्कमही परत मिळत नाही. कॅनडाशी अमेरिकेचा करार 1984 पासून आहे. तेथील कामाचा काळ जोडून पात्रता ठरते. वेतन मात्र अमेरिका आपल्या वाट्यापुरतेच देते.

401(के) निधीबाबत एवढेच सांगितले, की निघण्याच्या घाईत तो मोडू नये. साडेएकोणसाठ वर्षांपूर्वी काढल्यास आयकराखेरीज बहुधा दहा टक्के दंड पडतो. भारतातील एनआरई खाते कॅनडाला गेल्यावरही तसेच चालते, फक्त बँकेला नवा पत्ता कळवावा. कायमचे परतल्यावर मात्र ते निवासी खाते करून घ्यावे लागते. हे आपल्याकडे अनेकजण वर्षानुवर्षे विसरतात.

स्नेह्यांनी सारे आकडे चष्मा लावून वहीत उतरवून घेतले. ऊठताना म्हणाले, “म्हणजे हिशेबाने पोराचे बरोबर आहे.” दुकान पुढे कोण पाहणार, हा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही.