विश्लेषण : समृद्धी महामार्गामुळे लोणार, सिंदखेडराजा जवळ आले, पण पर्यटक थांबणार का?

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी, तर संपूर्ण ७०१ किलोमीटरचा मार्ग जून २०२५ मध्ये खुला झाला. हा रस्ता बुलढाणा जिल्ह्यातून जातो. जिल्ह्यातील ऐतिहासिक स्थळांना त्याचा फायदा होणार की वाहने नुसतीच पुढे निघून जाणार, हा प्रश्न आहे.

लोणारचे वेगळेपण काय?

उल्कापातामुळे बेसॉल्ट खडकात तयार झालेल्या जगातील मोजक्या विवरांत लोणारची गणना होते. व्यास सुमारे १.८ किलोमीटर, खोली साधारण १५० मीटर. त्याचे वय आधी ५० हजार वर्षांच्या आसपास मानले जाई. २०१० मधील संशोधनाने ते साडेपाच लाख वर्षांहून अधिक असल्याचे मांडले. तळाशी खारे, अल्कधर्मी पाणी, काठावर प्राचीन मंदिरे आणि गावात शिल्पसमृद्ध दैत्यसूदन मंदिर आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये लोणारला ‘रामसर’ दर्जा मिळाला. नांदूर मध्यमेश्वरनंतर हा मान मिळवणारे ते राज्यातील दुसरे स्थळ ठरले.

सिंदखेडराजात काय पाहाल?

१२ जानेवारी १५९८ रोजी राजमाता जिजाऊंचा जन्म येथील राजवाड्यात झाला. दरवर्षी जयंतीला येथे मोठी गर्दी उसळते. लखुजी जाधवांची भव्य समाधी आणि मोती तलाव ही अन्य ठिकाणे. २०२४ मध्ये समाधी परिसरात जतनाचे काम सुरू असताना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाला शेषशायी विष्णूचे मोठे शिल्प सापडले. मेहकरला १८८८ मध्ये सापडलेली सुमारे ११ फुटी बालाजीची मूर्तीही आहे.

मग अडचण कुठे?

द्रुतगती मार्गाचा स्वभावच असा, की त्यावरून जाणारा वाटेत उतरत नाही. जुन्या रस्त्यावर चहाच्या टपरीवर गाडी थांबे, कोणीतरी ‘सरोवर बघून जा’ म्हणे. आता मेहकर किंवा सिंदखेडराजाजवळ मुद्दाम बाहेर पडावे लागते. बाहेर पडल्यावर पुढचा रस्ता, फलक, स्वच्छतागृहे आणि मुक्कामाची सोय यांवर सगळे अवलंबून आहे. सकाळी येऊन दुपारी परतणारा पर्यटक गावात फारसे काही खर्च करत नाही. तो एक रात्र राहिला, तरच खानावळी, रिक्षाचालक आणि स्थानिक वाटाडे यांच्या हातात चार पैसे पडतात.

गर्दी वाढली तर लोणारला धोका?

धोका आहेच. सरोवर हे बंदिस्त खोरे आहे. त्यात येणारे पाणी बाहेर वाहून जात नाही. त्यामुळे गावाचे सांडपाणी, शेतातील खते किंवा कचरा आत गेला की तिथेच साचतो. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले, ते क्षार वाढल्याने फोफावलेल्या सूक्ष्मजीवांमुळे, असे तपासणीत आढळले. पाण्याचा समतोल किती नाजूक आहे, हे त्यातून दिसले. सरोवराच्या संवर्धनावर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात अनेक वर्षे सुनावणी सुरू राहिली, ती उगाच नव्हे.

उपाय काय?

वाहनतळ, हॉटेले विवराच्या कडेपासून दूर, गावात किंवा मेहकरला ठेवणे, सांडपाण्यावर प्रक्रिया, आत उतरणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा, आणि लोणार-सिंदखेडराजा-मेहकर असा दोन दिवसांचा एकत्रित पर्यटन मार्ग. एका स्थळावरचा भार तीन ठिकाणी वाटला गेला, तर मुक्काम वाढेल आणि सरोवरही सुरक्षित राहील. रस्त्याने अंतर कमी केले. थांबण्याचे कारण मात्र जिल्ह्यालाच निर्माण करावे लागेल.