सायकल घरची, बॅटरी मात्र खात्रीची

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या पॅसेंजरला आपट्यानंतर जिते लागते, मग हमरापूर आणि पेण. मोजक्या गाड्या सोडल्या तर कोकणात जाणाऱ्या बहुतेक गाड्या जिते येथे न थांबताच निघून जातात. रसायनी-पाताळगंगेच्या कारखान्यात पाळीवर जाणारा कामगार असो की पेणच्या बाजारात दुकान उघडणारा माणूस, त्याला गाडीच्या वेळेवर अवलंबून राहता येत नाही. घर आणि काम यांतले पाच ते पंधरा किलोमीटरचे अंतर मग मिनीडोअर, एसटी किंवा मोटारसायकलने कापले जाते. सायकल घरात असते. पण मे महिन्याचे ऊन, परतीचा चढ आणि चाळिशीनंतर कुरकुरणारे गुडघे तिला भिंतीला टेकवून ठेवतात.

नेमक्या याच अंतरासाठी विजेची साथ असलेली सायकल उपयोगी आहे. तयार ई-सायकल परवडत नाही म्हणून जुन्या सायकलला चाकातली मोटर, कंट्रोलर आणि बॅटरी बसवून घरीच ती तयार करण्याकडे अनेकांचा कल आहे. सुटे भाग घरपोच मिळतात, जोडणी कशी करायची हे मोबाइलवर दिसते आणि चाक बसवून द्यायला गावचा सायकलवाला असतो. या खटपटीला जुगाड म्हणून हसण्याचे कारण नाही. पण तिचे डोळे झाकून कौतुकही करू नये. सायकल घरी जोडावी. बॅटरी मात्र घरी बनवू नये. एवढी एक रेघ पाळली तर हा प्रयोग आरोग्याच्या आणि खिशाच्या, दोन्ही हिशेबांत बसतो.

आधी आरोग्याचा हिशेब. प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने भारतात मधुमेहाचे सुमारे १० कोटी रुग्ण असल्याचा अंदाज दिला. अशा देशात कामावर जाता-येता होणारा व्यायाम हे स्वस्त औषध आहे. दहा किलोमीटर जायला आणि दहा यायला ताशी २० किलोमीटरच्या वेगाने रोज एक तास लागतो. पाच दिवसांचे ३०० मिनिटे झाले. मोटर साथीला असली तरी पेडल मारले जात असेल तर नाडी वाढते, श्वास थोडा जोराने चालतो आणि हा व्यायाम मध्यम श्रमात मोडतो.

मात्र त्याला एक अट आहे. किट बसवताना दोन पर्याय असतात. एकात मूठ पिळली की मोटर चालते, पाय हलवावे लागत नाहीत. दुसऱ्यात क्रँकजवळचा सेन्सर पेडल फिरते आहे की नाही हे पाहतो आणि पाय चालू असतील तरच मोटर साथ देते. पहिल्या पर्यायात सायकलची मोपेड होते आणि व्यायाम संपतो. त्यामुळे पेडल-सेन्सरला प्राधान्य द्यावे आणि मूठ ठेवलीच तर ती चढावर किंवा चौकातून निघण्यापुरती वापरावी. हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, हे वेगळे सांगायला नको.

खिशाचा हिशेबही सरळ आहे. ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत ३६० वॅट-तास ऊर्जा मावते, म्हणजे अर्धा युनिटही नाही. पेडल मारत गेले तर किलोमीटरला १० ते १५ वॅट-तास लागतात. २४ ते ३६ किलोमीटर निघतात. जाण्यायेण्याच्या वीस किलोमीटरना विजेचे दोन-चार रुपये पडतात, तर शंभरी ओलांडलेल्या पेट्रोलचे ४० रुपयांच्या आसपास. अर्थात बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते, तो खर्च धरूनच ही तुलना करायला हवी.

सायकलला मोटर जोडण्याचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून सायकलरिक्षावर काम केले. पेडलला मोटरची साथ देणारी 'मापरा' आणि पूर्ण विजेवर चालणारी 'इलेक्शा' ही त्याची फळे. त्या कामातला एक धडा आजही लागू आहे. मोटरइतकेच लक्ष त्यांनी मूळ रिक्षाच्या दोषांकडे दिले. जुन्या रिक्षाला गिअर नव्हते आणि ब्रेक फक्त पुढे होता. म्हणून गिअर आणि मागच्या चाकांचे ब्रेक असलेली सुधारित रिक्षाही त्यांनी तयार केली. आधी गाडी धड करायची, मग तिला जोर द्यायचा, हा तो क्रम.

घरी सायकल बनवणारे नेमका हाच क्रम उलटा करतात. ताशी १५ ऐवजी २५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलमध्ये थांबवायची ऊर्जा पावणेतीन पटींहून अधिक असते, आणि त्यात मोटर-बॅटरीचे वजन वाढलेले असते. झिजलेले रबरी ब्रेक तेथे पुरत नाहीत. शक्य असेल तर डिस्क ब्रेक, निदान नवी रबरे आणि नव्या केबल हव्यातच. दुसरी दुर्लक्षित गोष्ट म्हणजे चाकाचा आस. साध्या चाकात आस नुसता धरून ठेवतो. मोटरच्या चाकात तोच उलट दिशेने फिरू पाहतो. नट सैल असेल तर तो खाचेत फिरतो, आतून येणाऱ्या तारा पिळून तोडतो आणि चाक निसटूही शकते. त्यासाठी आसाला धरून ठेवणारी लोखंडी पट्टी बसवावी लागते. बाजारात तिला टॉर्क आर्म म्हणतात. पुढचा चिमटा ॲल्युमिनियमचा असेल तर मोटर पुढच्या चाकात बसवूच नये. पोलादी फ्रेमचे मागचे चाक अधिक भरवशाचे.

सायकल चालू झाली की बिघाडांची पाळी येते. येथे घाईने भाग बदलण्यापेक्षा लक्षणावरून कारण शोधणे शहाणपणाचे. पाचेकशे रुपयांचा मल्टिमीटर त्यासाठी पुरतो. सायकल सपाटीवर नीट चालते, चढावर एकदम बंद पडते आणि बंद करून पुन्हा सुरू केली की चालते, ही सर्वांत सामान्य तक्रार. यात दोष बहुधा मोटरचा नसतो. मोटरवर २५० वॅट लिहिलेले असले तरी १५ अँपिअरचा कंट्रोलर चढावर ३६ व्होल्टला ५४० वॅटपर्यंत ओढतो. बॅटरीतले बीएमएस, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणारे सर्किट, तेवढे देण्याच्या क्षमतेचे नसेल किंवा सेलचा एखादा गट थकलेला असेल तर ते वीज तोडते. ते आपले काम करत असते. उपाय आहे कमी अँपिअरचा कंट्रोलर किंवा योग्य बॅटरी. बीएमएसला बगल देऊन थेट तारा जोडणे हा उपाय नव्हे; ती आगीची तयारी आहे.

मोटर जागच्या जागी थरथरते, गुरगुरते आणि ढकलल्यावरच निघते, अशा वेळी आतला हॉल सेन्सर किंवा त्याचा कनेक्टर पाहावा. चाक हळूहळू हाताने फिरवताना तीनही सेन्सरच्या तारांवर व्होल्टेज शून्य ते पाच असे खाली-वर व्हायला हवे. एखादी तार एकाच आकड्यावर अडकली तर दोष सापडला. सायकल अजिबातच चालत नसेल तर आधी ब्रेकच्या मुठीतला कट-ऑफ स्विच अडकला आहे का, हे बघावे. हाच स्विच काढून टाकण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो. तो ऐकू नये. पिळायच्या मुठीची एक तार तुटली तर काही कंट्रोलर तो पूर्ण वेगाचा इशारा समजतात; त्या क्षणी ब्रेक दाबताच मोटर बंद करणारा हा स्विचच स्वाराला वाचवतो.

पेण तालुक्यात या सगळ्यावर पाऊस आणि खाडीची खारी हवा यांची भर पडते. कनेक्टरच्या पितळी टोकांवर हिरवट थर चढतो, तेथला रोध वाढतो, जोड तापतो आणि प्लास्टिक वितळते. तार कंट्रोलरमध्ये शिरण्याआधी खाली झोल देऊन वर न्यावी, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशी गळून पडते. कनेक्टर खालच्या तोंडाने बसवावेत, त्यांत विजेच्या जोडांसाठीचे ग्रीस भरावे आणि बॅटरीलगतच फ्यूज असावा. भिजलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नये.

आता मूळ मुद्दा, बॅटरीचा. जुन्या लॅपटॉपमधले लिथियम सेल काढून पॅक बांधण्याचा मोह स्वस्ताईमुळे होतो. पण वेगवेगळ्या वयाचे सेल एकत्र बांधले की कमकुवत सेल आधी रिकामा होतो आणि आधी भरतो. प्रत्येक फेरीत त्याच्यावरच ताण येतो. सोल्डरिंगची उष्णता त्याला आतून इजा करते. अशा सेलमध्ये आत शॉर्टसर्किट झाले की तापमान स्वतःच्याच रासायनिक क्रियेने वाढत जाते, शेजारचे सेल पेटतात आणि विषारी वायू बाहेर पडतात.

पॅक विकत घेतला तरी चार्जरची चूक होऊ शकते. '३६ व्होल्ट' या एकाच नावाखाली दोन प्रकारच्या बॅटऱ्या विकल्या जातात. निकेल-मँगनीज-कोबाल्ट रसायनाच्या दहा सेलच्या ओळीचा पॅक ४२ व्होल्टला भरतो. लोह-फॉस्फेट रसायनाच्या बारा सेलचा ४३.८ व्होल्टला. दुसऱ्याचा चार्जर पहिल्याला लावला तर प्रत्येक सेलवर ४.२ ऐवजी ४.३८ व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. मध्ये उभे असते ते फक्त बीएमएस. ते निकृष्ट असले की काय होते, याची कल्पना न केलेली बरी.

कल्पनेची गरजही नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन भाजलेला सात वर्षांचा मुलगा पुढे दगावला. त्याच वर्षी देशभर ई-स्कूटर पेटल्याच्या घटना घडल्यावर केंद्र सरकारने 'एआयएस-१५६' ही बॅटरीची कसोटी कडक केली. सेल, बीएमएस, चार्जर, पॅकची रचना आणि एका सेलची आग दुसऱ्याला लागू न देणे, अशा बाबी तिच्यात आल्या. डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत ती लागू झाली. ती कारखान्यातून निघणाऱ्या वाहनांसाठी आहे. ओसरीवर जोडलेल्या सायकलची बॅटरी तपासायला कोणी येत नाही.

कायद्याची स्थितीही अशीच अर्धवट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटरची शक्ती पाव किलोवॅटपेक्षा कमी असेल, ताशी २५ किलोमीटरला किंवा पाय थांबताच मोटर बंद होत असेल, योग्य ब्रेक आणि पुढे पांढरा व मागे लाल परावर्तक असेल, तर अशी पेडल-सायकल मोटार वाहन ठरत नाही. पण या वर्गाची मान्यता पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांकडून निर्मात्याच्या नमुन्याला मिळते. एकट्या माणसाने जोडलेल्या एका सायकलचा विचार त्या चौकटीत नाही. त्यामुळे प्रामाणिक माणूस संभ्रमात राहतो, तर हजार वॅटची मोटर लावून पन्नासच्या वेगाने पळवणारा बिनधास्त फिरतो.

यावर बंदी हा उपाय नाही. ती कोणी पाळणार नाही. हवी आहे ती जवळची तपासणी. रायगड जिल्ह्यातच लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, जिल्ह्यात आयटीआय आहेत. परिवहन विभागाने त्यांच्या मदतीने महिन्यातून एक दिवस अशा सायकलींची तपासणी ठेवावी. ब्रेक, आसाची पट्टी, वेगमर्यादा, वायरिंग आणि चार्जरचा मेळ पाहून नाममात्र शुल्कात दाखला द्यावा. सुट्या बॅटरीवर रसायन, पूर्ण भरल्यावरचे व्होल्टेज आणि निर्मात्याचे नाव छापणे सक्तीचे करावे. दिल्ली सरकारने २०२२ मध्ये ई-सायकलींना अनुदान जाहीर केले होते. महाराष्ट्राने किटला अनुदान दिले नाही तरी चालेल. प्रमाणित बॅटरीला दिले तर जीव वाचतील. आणि २०११ पासून रेंगाळलेल्या मुंबई-गोवा महामार्गाच्या कामात जिते, हमरापूर, पेणच्या माणसाला कंटेनरच्या शेजारून सायकल न्यावी लागू नये, एवढी जोडरस्त्याची सोय व्हावी.

तोवर घरात पाळण्यासारखे नियम थोडेच आहेत. बॅटरी ज्याच्याकडून घेतली त्याचाच चार्जर वापरावा. रात्री सगळे झोपल्यावर, जिन्याखाली किंवा दाराच्या वाटेत चार्जिंग करू नये. पॅक फुगला, वास आला किंवा हाताला चटका बसला तर तो वापरणे थांबवावे आणि घराबाहेर ठेवावा. पेटलाच तर विझवत बसण्यापेक्षा माणसे बाहेर काढून अग्निशमन दलाला बोलवावे. बाकी सायकल खोलावी, जोडावी, बिघडली तर पुन्हा खोलावी. त्यातून माणूस शिकतो. बॅटरी मात्र शिकण्याची दुसरी संधी देईलच असे नाही.