सरासरीची माती आणि एका ढिगातील कापूस

सीतादही करून पहिल्या वेचणीला आरंभ होतो आणि पाठोपाठ यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोला या जिल्ह्यांतील जिनिंग कारखाने सुरू होतात. या दिवसांत शिवारातील सारी चर्चा भावाभोवती फिरते. भाव महत्त्वाचा आहेच; परंतु याच काळात शेत आपल्या जमिनीविषयी जे सांगत असते, ते ऐकायचे राहून जाते. जिनिंगचा हंगाम हा जसा कापूस विकण्याचा, तसाच जमीन वाचण्याचाही हंगाम आहे, असे माझे मत आहे.

दिल्लीत आर. के. पुरममध्ये बसून देशाचा मृदा नकाशा पाहिला, तर विदर्भ एखाद्या सलग काळ्या पट्ट्यासारखा दिसतो. बांधावर उभे राहिल्यावर चित्र वेगळे असते. बेसाल्ट खडकापासून तयार झालेल्या या जमिनीची खोली उतारानुसार बदलते. वरच्या अंगाला बरड, मुरमाड, वीतभर खोलीची माती. मधल्या भागात मध्यम. आणि नाल्याकडच्या सखल भागात मीटरभराहून खोल, भेगाळणारी भारी काळी. पाच एकरांच्या एकाच तुकड्यात हे तिन्ही प्रकार आढळणे मुळीच नवलाचे नाही. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात त्यात चोपणपणाची आणि खाऱ्या भूजलाची भर पडते. तरीही पेरणी होते ती एकाच वाणाची, एकाच अंतरावर आणि खताच्या एकाच मात्रेने.

परिणाम वेचणीच्या वेळी दिसतो. पाऊस लवकर संपला की उथळ जमिनीतील ओल आधी आटते. फूल उमलल्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत धाग्याची लांबी ठरते. त्या काळात झाडाला ताण बसला तर धागा आखूड राहतो. पुढे धागा भरण्याच्या काळात ताण पडला तर तो अपरिपक्व राहतो. भारी जमिनीत पीक लांबते, बोंडे उशिरा फुटतात आणि शेवटची बोंडे थंडीत व गुलाबी बोंडअळीच्या तावडीत सापडतात. म्हणजे एकाच शेतातून दोन-तीन प्रतींचा कापूस निघतो. आपण तो एकाच ढिगात टाकतो आणि हातची माहिती गमावतो.

हीच चूक माती परीक्षणातही होते. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेने माती परीक्षणाची सवय खेडोपाडी नेली, हे तिचे मोठे श्रेय आहे. मात्र योजनेच्या मूळ नियमांनुसार बागायती क्षेत्रात अडीच हेक्टरमागे, तर कोरडवाहू क्षेत्रात दहा हेक्टरमागे एक नमुना घेतला जाई. विदर्भातील कापूस प्रामुख्याने कोरडवाहू. दहा हेक्टरांत बरड आणि भारी माती एकत्र आली की पत्रिकेवर जो आकडा उमटतो, तो प्रत्यक्षात कोणत्याच तुकड्याचा नसतो.

उपाय खर्चिक नाही. शेताचे उतार आणि मातीचा रंग पाहून दोन किंवा तीन भाग पाडावेत. प्रत्येक भागाचा कापूस वेगळ्या गाठोड्यात बांधावा आणि वेचणीची तारीख व वजन वहीत लिहावे. कवडी कापूस बाजूला ठेवावा. शक्य असल्यास प्रत्येक भागाचा थोडा नमुना वेगळा रेचून रुईचा उतारा काढावा. उतारा मुख्यतः वाणावर अवलंबून असतो. म्हणून तुलना एकाच वाणाची आणि एकाच वेचणीची असावी. हा फरक किरकोळ वाटू नये. १७० किलोची एक गाठ बांधण्यास ३६ टक्के उताऱ्याचा सुमारे ४७२ किलो कापूस पुरतो. उतारा ३३ टक्के असेल तर सुमारे ५१५ किलो लागतो.

यावर शेतकरी विचारतील, आणि त्यांनी विचारलेच पाहिजे: वेगळा ठेवला म्हणून भाव वेगळा मिळतो का? खासगी खरेदीत बहुतेकदा सरसकट भाव पुकारला जातो. शासकीय खरेदीत लांबी पाहिली जाते, आठ टक्क्यांवरील ओलाव्यास कपात लागते आणि बारा टक्क्यांवरील माल नाकारला जातो. रुईच्या उताऱ्याचा स्वतंत्र मोबदला मात्र शेतकऱ्याच्या हाती क्वचितच पडतो. मजूर मिळत नाहीत, घरात जागा नसते, हेही खरे. म्हणून विक्रीसाठी ढीग एकत्र करावे लागले तरी चालेल. वजन आणि नोंद मात्र वेगळी राहावी. या नोंदीचा मोबदला बाजारात नव्हे, तर पुढच्या जूनमध्ये मिळतो.

उथळ भागात कमी कालावधीचे, आटोपशीर वाढीचे वाण कमी अंतरावर लावणे अधिक सयुक्तिक ठरते. केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या समन्वयाने २०२३-२४ पासून आठ राज्यांत राबविलेल्या विशेष प्रकल्पात सघन लागवड अशाच जमिनींसाठी पुढे आणली गेली. भारी भागात अंतर वाढवावे, निचऱ्यासाठी सऱ्या काढाव्यात आणि ओल शिल्लक आहे म्हणून फरदड घेण्याचा मोह टाळावा. २०१७ च्या बोंडअळी उद्रेकाने त्या मोहाची किंमत दाखवून दिली आहे. खताची मात्राही भागनिहाय ठरवावी. उथळ जमिनीत ओलच नसताना टाकलेला युरिया म्हणजे वाया गेलेला पैसा होय.

विस्तार कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे की, यंदा गावातील निदान पाच शेतांचे असे भाग पाडून द्यावेत आणि मातीचे नमुने त्या भागांनुसारच घ्यावेत. जिनचालकांनीही गाडी रिकामी करताना उताऱ्याचा आकडा शेतकऱ्यास सांगावा, तसेच आवारात कामगंध सापळे लावून सरकीतून बाहेर पडणारे गुलाबी बोंडअळीचे पतंग रोखावेत. उताऱ्यावर आधारित भावाची मागणी शेतकरी उत्पादक कंपन्यांनी लावून धरलीच पाहिजे. पण त्या मागणीला बळ येईल ते शेतकऱ्याच्या स्वतःच्या वहीतील आकड्यांनी. सरासरीवर शेती केली तर उत्पन्नही सरासरीच राहील, आणि कोरडवाहू कापूस उत्पादकाला ती सरासरी आता परवडणारी नाही.