लोकर गेली, तरी मेंढी टिकली पाहिजे

दख्खनी मेंढीची वर्षातून दोनदा कातरणी करावी, लोकर विणकरास द्यावी आणि घोंगडीच्या धंद्यावर चार पैसे मिळवावेत, अशी आपल्या मेंढपाळांची पूर्वापार रीत होती. आता घोंगडीचा खप उतरला असून अनेक गावी लोकर विकून कातरणीची मजुरीही सुटत नाही. कोकरांची विक्री हाच उत्पन्नाचा मुख्य आधार उरला आहे. म्हणून लोकर नसलेल्या व झपाट्याने वाढणाऱ्या जातीचा एडका खांडात सोडावा, असे मेंढपाळांस वाटू लागले आहे. हा विचार योग्यच आहे. परंतु तो अविचाराने अमलात आणल्यास नफ्याऐवजी नुकसान पदरी येईल.

इतर देशांनी हे कार्य कसे केले, ते पाहणे बोधप्रद आहे. दक्षिण आफ्रिकेतील कोरड्या मुलखासाठी १९३० नंतरच्या दशकात डॉर्सेट हॉर्न एडके व काळ्या डोक्याच्या पर्शियन मेंढ्या यांचा संकर सुरू झाला. त्यातून निपजलेल्या डॉर्पर जातीची लोकर ऋतुमानाप्रमाणे आपोआप झडते. अमेरिकेतील मेन राज्यात मायकेल पील यांनी १९५७ साली सेंट क्रॉय बेटावरून केसाळ मेंढ्या आणल्या व पुढे कटाहदिन जात सिद्ध केली. ही दोन्ही कामे एका संकराने झाली नाहीत. पहिल्या पिढीत पुष्कळदा लोकर अर्धवटच झडते. हा गुण स्थिर होण्यास अनेक पिढ्यांची काटेकोर निवड लागते.

आपणांस दूर जाण्याचे कारण नाही. सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यातील माडग्याळ मेंढी उंच, भरभर वाढणारी व अत्यल्प लोकरीची आहे. तिचा एडका दख्खनी मेंढीस दाखविल्यास कोकरांची वाढ अधिक होऊ शकते. मात्र एडका घेताना त्याच्या नाकाचा बाक पाहून किंमत मोजू नये. नाकाचा बाक कोकराच्या वजनात उतरत नाही. एडक्याची वाढ, पाय व वृषण तपासावेत.

सर्वांत मोठा धोका पुढे आहे. संकरित कोकरू देखणे दिसते म्हणून मेंढपाळ तेच पैदाशीस ठेवतो. पुढील पिढ्यांत संकराचा जोम ओसरतो आणि काही वर्षांत खांडात शुद्ध दख्खनी मेंढी उरत नाही. उन्हाळ्यात अपुऱ्या चाऱ्यावर मैलोगणती चालणारी ही काटक मेंढी एकदा हातची गेली, की ती बाजारात विकत मिळणार नाही.

यास्तव माझे स्पष्ट मत असे, की संकर कोकरांपुरताच ठेवावा. साठ मेंढ्यांचे खांड असल्यास उत्तम चाळीस मेंढ्या दख्खनी एडक्याकडे व उरलेल्या वीस माडग्याळ एडक्याकडे ठेवाव्यात. एक मेंढी सुमारे पाच वर्षे खांडात राहते असे धरल्यास दरसाल बारा नव्या माद्या लागतात. चाळीस मेंढ्यांपासून वीसच्या आसपास मादी कोकरे मिळतील. मरतूक वजा जाता त्यांतून बारा निवडता येतील. संकरित कोकरे मात्र, नर असोत वा मादी, सर्व बाजारास जावीत.

मेंढी सुमारे सतरा दिवसांनी माजावर येते. म्हणून दोन्ही गट निदान पाच आठवडे वेगळे राखावेत व कोकरांच्या कानावर खूण करावी. स्वतःच्याच मुलींशी संयोग टाळण्यासाठी दख्खनी एडका दर दोन वर्षांनी बदलावा. वेगळा वाडा करणे एकट्यास अवघड असल्यास दोन शेजाऱ्यांनी एकेक गट सांभाळावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी संकरित एडक्याचा प्रचार करण्यापूर्वी मेंढपाळास एकच प्रश्न विचारावा : "पुढील वर्षीच्या माद्या कोठून आणणार?" याचे उत्तर ज्याच्यापाशी आहे, त्यानेच संकरास हात घालावा.