हिरवा ठिपका आणि लाखेचा किडा



आमच्या कार्यालयात एक सद्गृहस्थ आहेत. माझ्या डब्यातून बोंबलाची चटणी निघाली की खुर्ची उचलून ते खिडकीपाशी जाऊन बसतात. गेल्या महिन्यात नातवाच्या वाढदिवसाच्या चकचकीत रंगीत गोळ्या त्यांनी सर्वांना वाटल्या. पाकिटावर हिरवा ठिपका. कारकुनाची सवय, मी मागची बारीक अक्षरे वाचली. ग्लेझिंग एजंट, आयएनएस ९०४.

९०४ म्हणजे शेलॅक, आपली लाख. बांगड्या होतात तीच. लाखेचा किडा पळस, कुसुम, बोर यांच्या फांदीला चिकटून रस शोषतो आणि अंगातून राळेसारखा पदार्थ सोडून स्वतःभोवती कवच करतो. फांद्या तोडून ते कवच खरवडतात, त्यात किडेही जातात. झारखंड, छत्तीसगडचे आदिवासी हे कष्टाचे काम करतात. पुढे शुद्ध केलेली लाख गोळ्या-चॉकलेटांना चकाकी आणते. औषधाच्या गोळ्यांवरही तिचा थर असतो.

मग ठिपका हिरवा कसा? २०२० च्या लेबलविषयक नियमांत मांसाहाराच्या व्याख्येत किडे आहेत, पण दूध, मध, मेण आणि शेलॅक वगळले आहेत. म्हणजे पवित्र काय आणि विटाळ काय, हे कागदावर ठरते! आपल्याला हे नवीन नाही.

दुसरा पदार्थ कार्माईन, आयएनएस १२०. त्याला ही सवलत नाही. पेरू देशात निवडुंगावर वाढणारे कोचिनील किडे वाळवून हा लाल रंग काढतात. एक पौंडाला सुमारे ७०,००० किडे लागतात. २०१२ साली अमेरिकेत स्टारबक्सच्या स्ट्रॉबेरी पेयात तो आहे हे कळल्यावर ओरड झाली आणि कंपनीने टोमॅटोपासूनचा रंग घेतला. काहींना कार्माईनची तीव्र अ‍ॅलर्जी होते. म्हणून तेथे २०११ पासून त्याचे नाव लेबलवर छापणे सक्तीचे आहे. माता-भगिनींनी हा आकडा तेवढा ध्यानात ठेवावा. गोळी खाऊन मुलाच्या अंगावर पित्त उठले तर पाकीट फेकू नका, डॉक्टरांना दाखवा.

माझा आक्षेप गोळीला नाही, मुलांनी खुशाल खावी. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत भेद केला आहे. दुसऱ्याच्या डब्यावरून माणसाची प्रत ठरवा, असे त्यात कुठेही नाही.

सद्गृहस्थांना मी ९०४ चा अर्थ सांगितला. त्यांनी पाकीट दोनदा वाचले आणि खिशात टाकले. डबा मात्र अजून खिडकीपाशीच उघडतात.